पाणपाळीचं दुसरं व्हर्जन

सॉफ्टवेअरमधले बग काढता येतात, पण ते काढताना जे किस्से घडतात ते काही केल्या डोक्यातून निघत नाहीत. चार लोक भेटले की एक जण सुरू करतो, दुसरा "ते काहीच न्हाई, हे ऐका!" म्हणतो, आणि चहा गार होतो. आमच्या 'पाणपाळी'च्या दुसऱ्या व्हर्जनपायी तर इतके साठलेत की सांगितल्याशिवाय मला चैन पडायची नाही!

आधी पाणपाळी म्हणजे काय ते ऐका. एका विहिरीवर भावकीतली चार घरं, मोटर एक. म्हणून पाळ्या. त्यात शेतीची लाईट कधी दिवसा, कधी रात्री, आणि मधेच गेली की भांडण! उरलेली पाळी कुणाची? हे सगळं जुळवून ज्याच्या त्याच्या फोनवर निरोप देणारं आमचं हे फुकटचं, ओपन सोर्स सॉफ्टवेअर. कोड उघडा आहे, ज्याला सुधारायचाय त्यानं सुधारावा. मूळ लिहिलं लोह्याच्या गजाननने. मी लातूरला पॉलिटेक्निकात शिकवते, त्याला मदत करते. अहमदपूरचे सलीमभाई आपल्या मोबाईलच्या दुकानात बसून टेस्टिंग करतात. आणि एक जर्मनीचा हान्स आहे, तो आमच्यात कुठून आला ते कुणालाच सांगता येत नाही.

पहिल्या व्हर्जनमध्ये लाईट गेली की उरलेली पाळी सरळ बुडायची. आणि त्यावरून सगळ्यात आधी पेटलं कुठं, तर गजाननच्याच घरी! वडील अण्णा आणि चुलते तात्या, सख्खे भाऊ. बोलणंच बंद! तात्यांनी गजाननला बजावलं होतं, "नवं मशीन आण तुझं. त्यात एकदा जरी पाळी चुकली ना, बोअरची गाडी उभी करतो बांधावर!" तिथं बोअर पडलं की विहीर आटलीच. गजाननला अन्न गोड लागत नव्हतं.

*

सलीमभाईंना म्हटलं, मोडतोड होईपर्यंत वापरून बघा आणि रोज कळवा. रोज एकच निरोप यायचा, "मॅडम, एकदम झकास चालून राहिलंय!"

मला संशय आला. फोन लावला. "एकही बग नाही?"

"हायत की! लई हायत!"

"मग कळवत का नाही?"

"तुम्ही एवढ्या मायेनं बनवून राहिले, आन मी तोंडावर नावं ठेवू? बरं दिसतं का ते?"

मी म्हटलं, बरं, तुमच्या नका सांगू, गिऱ्हाइकाच्या तक्रारी म्हणून लिहा. झालं! संध्याकाळपर्यंत फोन वाजायचा थांबेना. शेवटची तक्रार अशी होती: "एक गिऱ्हाईक म्हणतं, असला रंग दुश्मनालाबी दाखवू नये."

रंग मी निवडला होता! त्या गिऱ्हाइकाचं नाव मी अजून विचारतेय, सलीमभाई अजून आठवून राहिलेत.

*

निरोप बोलून दाखवायचा ठरला, तेव्हा आवाज माझाच रेकॉर्ड केला. "तुमची पाळी सुरू झाली आहे. विहिरीवर जा." जन्म शिकवण्यात गेलेला, आवाज दुसरा कुठून आणू?

लातूरजवळच्या मुरूडला एका आजोबांच्या घरी बसून चाचणी घेत होतो. फोन वाजला, माझा आवाज आला, आणि आजोबा ताटावरून ताडकन उठले. "जातो बाई, जातो! भाकर तेवढी संपवू द्या!"

मी म्हटलं, "आजोबा, बसा हो. ते रेकॉर्डिंग आहे. ती बाई मीच."

त्यांनी एकदा फोनकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. "समोरून तर बऱ्या दिसता की!"

गजाननने त्याच दिवशी आवाज बदलला.

*

पाळीदारांची नावं स्क्रीनवर कोणत्या क्रमाने लावायची? हान्स म्हणाला, अक्षरांच्या क्रमाने. त्याला काय ठाऊक भावकी! धाकट्याचं नाव थोरल्याच्या वर आलं की थोरला फोन फेकणार. थोरल्याचं वर ठेवलं तर धाकटा म्हणणार, जमीन माझी जास्त.

गजाननने तोडगा काढला. ज्याचा फोन, त्याचं नाव पहिलं!

हान्सने चिकाटीने शोधून काढलं की एकाच विहिरीवर चार जण पहिल्या नंबरवर आहेत. बग म्हणून नोंद केली. गजाननने उत्तर लिहिलं, "हा बग नाही. यामुळंच गावात शांतता आहे. कृपया हात लावू नये."

*

रिलीजची तारीखही हान्सनेच काढली. आम्ही मुंडी हलवली. नंतर कॅलेंडर पाहिलं तर त्या दिवशी येळवस! वेळा अमावस्येला आमच्याकडे लातूर काय नि लोहा काय, माणूस घरात सापडत नाही. सगळं गाव शेतात, भज्जी-आंबील खायला. तहसीलदारसुद्धा कुणाच्या तरी रानात सापडतो!

हान्सने विचारलं, "रिलीज कशामुळे अडलंय?"

सलीमभाईंनी लिहिलं, "जेवणामुळे."

शेवटी ठरलं, शेतातूनच करायचं.

*

गेलो आम्ही गजाननच्या रानात. बांधाच्या अलीकडे पूजेसाठी उभारलेली अण्णांची कडब्याची कोप, म्हणजे खोपटं, पलीकडे तात्यांची. पूजा दोन, आंबिलीची मडकी दोन. गजाननच्या आईचा जीव नुसता तुटत होता. "एका ताटात जेवलेले भाऊ हायत हे," ती मला म्हणाली.

सकाळी अण्णांची पाळी अर्धी झाली असताना लाईट गेली होती. गजाननने आंब्याखाली बसून रिलीज केलं. आम्ही टाळ्या वाजवल्या. तेवढ्यात लाईट आली, आणि बांधाच्या दोन्ही बाजूंचे फोन एकदमच वाजले. सण असो की काही असो, पाळी कोण सोडतो? दोघंही हातातला घास टाकून विहिरीकडे पळाले.

गजाननने लॅपटॉपमध्ये पाहिलं आणि त्याचा चेहरा पांढराफटक पडला. अण्णांची उरलेली पाळी आणि तात्यांची नवी पाळी, सॉफ्टवेअरने दोन्ही एकाच वेळी दिल्या होत्या! "मॅडम, गेली आमची विहीर," एवढंच तो बोलला.

स्टार्टरच्या पेटीपाशी दोघं समोरासमोर.

"माझी पाळी हाय," तात्या विहिरीकडे बघत म्हणाले.

"माझी हाय," अण्णा आभाळाकडे बघत.

"दाखव फोन."

"तू दाखव आधी."

फोनांची अदलाबदल झाली. अण्णांनी वाचलं. तात्यांना दिसेना. "चष्मा दे तुझा," ते म्हणाले. अण्णांनी दिला.

मग दोघं मिळून आमच्यावर चालून आले! "ए गजा! काय येड्यावानी बनवलंय हे? आमचं दोघांचं बरोबर हाय, तुझं मशीन चुकलंय!"

"न्हाई तर काय, दादा!" तात्या म्हणाले. "शिकून वाया गेलंय पोरगं!"

तात्या चक्क 'दादा' म्हणाले! दोघांनी आळीपाळीने गजाननला असा धुतला की विचारू नका. शिव्या घालता घालता दोघं अण्णांच्या कोपीत टेकले, आईने पुढं केलेली आंबील दोघांनी उचलली, आणि मोटर लावायचं कुणाच्या ध्यानातही राहिलं नाही. माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं, खोटं कशाला बोलू.

गजाननने हळूच लॅपटॉप ओढला. "मॅडम, जरासंच काम हाय. आत्ता दुरुस्त करतो."

आईने भज्जीचा हात तसाच लॅपटॉपवर ठेवून झाकण मिटलं. "हात लावू नको त्याला!"

"अगं आई, गावोगावच्या विहिरींवर असंच होईल!"

"होऊ दे की!"