म्हसोबा बांधावर गेला

आमच्या माळावर दगड पिकतात, ही थट्टा माझ्या थोरल्या दिरांची. वाटणीत त्यांनी विहिरीकडचं काळं रान स्वतःकडं ठेवलं, आम्हाला माळ दिला आणि वर पारावर सांगत सुटले, की धाकट्याला जास्तच दिलंय. दिलंय की! गोटे, धोंडे, मुरूम, आणि मधोमध बसलेल्या शेरडाएवढा एक काळा दगड. वर तेवढा दिसायचा, खाली किती ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

माझे मालक, म्हणजे नवरा, कुरकुंभला कंपनीत शिफ्टला जायचे. घरी आले की अंगाला केमिकलचा वास आणि डोळ्यांत झोप. एका सुट्टीला ते भावासमोर बोलून बसले, "या पेरणीपर्यंत माळ पेरता आला न्हाई, तर तूच घे दादा. आम्ही कुरकुंभला खोली करून ऱ्हातो." मी चुलीपुढं होते. मला कुणी विचारलं नाही. तव्यावरची भाकरी करपली तरी मला कळलं नाही.

माझं माहेर केंदूरकडचं, मेंढरं राखणाऱ्यांचं. माझ्या आजोबांना स्वतःचं म्हणावं असं हातभर रान नव्हतं. दुसऱ्याच्या वावरात मेंढरं बसवायची आणि त्यानं हाकललं की उठायचं. आणि मी पायाखाली आलेलं रान पत्र्याच्या एका खोलीसाठी सोडू? मी करपलेली भाकरी कुत्र्याला टाकली, नवी थापायला घेतली आणि मनात म्हटलं, बघतेच.

शिमगा झाल्यावर दगड वेचायला सुरुवात केली. सकाळची कामं उरकली की डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर पाटी, हातात पहार. बारके गोटे ओढ्यात टाकायचे, मोठे बांधावर रचायचे. मोठा असला की पहार घालून हलवायचा, मग बसून दोन्ही पायांनी ढकलायचा. बोटांची सालं गेली. नखं तर मी मोजायचीच सोडली. चांगलं ऊन तापलं की त्या मधल्या काळ्या दगडावर बसून भाकरी खायची, त्यालाच पाठ टेकून घटकाभर डोळा लावायचा.

थोरले दीर रोज बांधावरून जायचे. आमच्याकडं थोरला दीर धाकट्या भावजयीशी थेट बोलत नाही. त्यामुळं ते बैलाशी बोलायचे. "काय रं सर्जा, काही माणसांस्नी घर गोड लागत न्हाई, व्हय ना?" मीही पदर पुढं ओढून पाटीशी बोलायची, "चल बाई, काही लोकांला काम न्हाई, आपल्याला हाय." सर्जाला बिचाऱ्याला दोन्हीकडचं ऐकावं लागायचं.

त्यांचा आमच्या माळावर डोळा होता, ते मला बांध बघून कळलं. ते दरसाल नांगरताना बांध कोरत होते. वीतभर या साली, वीतभर त्या साली. मूळचा बांध बाभळीच्या बुंध्यावरून सरळ ओढ्याला जायचा. आता बाभळ त्यांच्या रानात उभी होती, आणि बांध पोट खपाटीला गेलेल्या जनावरासारखा आमच्याकडं झुकला होता.

वैशाख सरता सरता माळ साफ झाला. मी सांगते, माझा माळ मला ओळखू येईना! भाड्याचा ट्रॅक्टरवाला येऊन बघून गेला. म्हणाला, "ताई, सगळं झकास. पण मधला धोंडा काढा. फाळ मोडला तर माझं कंबरडं मोडंल." मी दोन दिवस त्या दगडाभोवती खणलं. कमरेइतका खड्डा झाला तेव्हा तो पहिल्यांदा हलला. पहार टाकून मी जोरात ओरडले, "हलला गं बाई, हलला!" ऐकायला कुणी नव्हतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी जाऊन बघते, तर दगडाला शेंदूर. गळ्यात झेंडूची माळ, पुढं फुटलेला नारळ. पारावर थोरले दीर सांगत होते, "दृष्टांत झाला. म्हसोबा हाय त्यो. म्हणाला, मला हलवाल तर घर बुडवीन." लोक हात जोडून ऐकत होते. मी लांबून त्यांच्या हातांकडं बघितलं. नखांत शेंदूर भरला होता.

ट्रॅक्टरवाल्यानं ट्रॅक्टर रस्त्यावरूनच माघारी वळवला. मालक म्हणाले, "देवाला कोण हात लावणार? राहू दे आता. लई केलंस." त्यांचा आवाज इतका सुटल्यासारखा होता, की मला त्यांचाच जास्त राग आला. मी न्हाणीत जाऊन रडले. खरं सांगते, हमसून हमसून रडले. अडीच महिने मी त्या दगडावर बसून ठेचा-भाकरी खाल्ली, त्याच्यावर चपला झटकल्या. तेव्हा देवाला काही म्हणावंसं वाटलं नाही? आणि नेमका हलला त्याच्या दुसऱ्या दिवशी दृष्टांत?

तोंड धुताना डोकं ताळ्यावर आलं. देव नाही असं म्हणायची माझी छाती नव्हती, आणि म्हटलं असतं तर वाडीनं मलाच खड्ड्यात घातलं असतं. पण देव हलत नाही, हे कुणी सांगितलं? आमच्या माहेरचे देव मेंढरांमागं घोड्यावर बसून हिंडायचे. जिथं चारा, तिथं माणसं, तिथं देव. मग म्हसोबाला चार पावलं चालायला काय झालं?

रविवारी, म्हसोबाच्या वारी, मी डोक्यावर पदर घेऊन पारासमोर उभी राहिले. सगळी बापेमाणसं बसलेली, थोरले दीर मधोमध. वाडीतल्या सगळ्यात म्हाताऱ्या आप्पांकडं बघून म्हटलं, "आप्पा, मलाबी दृष्टांत झालाय."

आप्पा म्हणाले, "काय म्हणला देव?"

"म्हणला, रानाच्या मधी बसून मला रान राखता येत न्हाई. मला बांधावर बसवा, बाभळीच्या रेषेत. आन् उचलायला थोरल्या भावाचा हात लागू द्या, पहिला दृष्टांत त्येंनाच दिलाय."

थोरले दीर समोरच्या विजेच्या खांबाला म्हणाले, "बाईमाणसाला कसला दृष्टांत?"

पाणी भरायला चाललेली त्यांचीच चुलती हंडा घेऊन थांबली होती. ती फाडकन म्हणाली, "का रं? देवी अंगात येती ती काय बाप्याच्याच येती व्हय?" बायका खुदकन हसल्या. आप्पांनी तंबाखू थुंकली आणि निकाल दिला, "थोरल्याचा खरा, तर धाकटीचा खोटा कसा? उद्या उचला."

मी धादांत खोटं बोलले होते. आजही सांगते, मला त्याची तसूभर लाज वाटत नाही.

सोमवारी अख्खी वाडी माळावर. हलगी आली. देवाचंच काम म्हटल्यावर ट्रॅक्टरवाला साखळी घेऊन आला, पैसे नको म्हणाला. चार पहारी, खाली लाकडाचे ओंडके, आणि सगळ्यात पुढं खांदा लावून थोरले दीर. गुलालानं त्यांचं तोंड लाल झालं होतं, की रागानं, ते कळत नव्हतं. मी बाभळीच्या बुंध्यापासून ओढ्याकडं सरळ चालत गेले आणि मधे टाच रोवली. "हितं." ते त्यांच्या नांगरटीत होतं, चांगलं दोन पावलं आत. दीर ओंडक्याकडं बघून म्हणाले, "हे माझं रान हाय." आप्पा म्हणाले, "बांध हितनंच जायचा, मी हिथं गुरं वळलीत." सगळे थांबले. दिरांनी मग खांदा लावला. आणखी पुढं दाखवलं असतं, तरी त्या दिवशी लोकांनी तिथंही नेला असता. मी एक बोटसुद्धा जास्त घेतलं नाही. माझं होतं तेवढंच घेतलं.

मृगात बाजरी पेरली. पहिल्या साली कणसं हाताच्या बोटाएवढीच आली. पण मालकांनी त्या बाजरीची भाकरी खाल्ली आणि कुरकुंभच्या खोलीचं नाव पुन्हा काढलं नाही.

त्यानंतर तो बांध कुणी कोरला नाही. देवाच्या अंगावरून नांगर कोण घालणार? मी मात्र दरसाल नांगरटीनंतर पाटी घेऊन जाते. माळच तो, खालून नवे गोटे वर येतातच.

काही वर्षांनी, दिरांचे गुडघे गेले तेव्हा, ते दुपारी बाभळीखाली येऊन बसायला लागले. सर्जाही राहिला नव्हता. एकदा मी गोटे वेचत होते. त्यांनी इकडं तिकडं बघितलं. बोलायला बैल नव्हता, खांब नव्हता. मग आयुष्यात पहिल्यांदा थेट माझ्याकडं बघून म्हणाले, "खरं सांग पोरी, झाला व्हता का तुला दृष्टांत?"

मी पाटी खाली ठेवली, पदर सारखा केला आणि म्हटलं, "तुम्हाला झाला, तसाच मला झाला, भावजी."

ते स्वतःच्या नखांकडं बघत बसले.