भिंतीवरून येणारा हात

आमच्या घरात काही फुटलं की आवाज विरायच्या आत भिंतीवरून एक हात यायचा. पंजा उघडा, बोटांना ओली माती, आणि मागून आवाज, "फेकू नका, इकडं द्या. फुटलं न्हाई ते. बदली झाली त्याची."

हा हात शेजारच्या काकांचा. जुन्या जालन्यात त्यांच्या नि आमच्या अंगणांमध्ये छातीएवढी मातीची भिंत होती. निजामाच्या तहसील कचेरीत ते जुने कारकून आणि मी नुकताच चिकटलेला. कचेरीत बदली म्हटलं की भल्याभल्यांचं तोंड उतरायचं. काकांच्या तोंडून तोच शब्द ऐकला की वाटायचं, पेढेच वाटावेत.

दिवसभर शेरवानी आणि रुमी टोपीत अदबीने बसणारे काका घरी आले की पंचा नेसून बागेत शिरत. तुम्ही ती बाग पाहिली असती तर आधी हसला असतात. मीही हसलो होतो. गोऱ्यांच्या छावणीतल्या बंगल्यातला पत्र्याचा टब जमिनीत पुरलेला आणि त्यात कमळं. ग्रामोफोनच्या चेपलेल्या कर्ण्यातून गोकर्णीचा वेल बाहेर डोकावणारा. कापसाच्या जिनिंगमधल्या दातेरी चकत्यांना पिवळा रंग देऊन काठ्यांवर लावलेली सूर्यफुलं. वाफ्यांच्या कडेला कचेरीतल्या रिकाम्या दौती उलट्या रोवलेल्या, आणि मधल्या फटींत गल्लीभरच्या बायकांच्या फुटक्या बांगड्या. कोणती काच कोणाच्या हातातली, हे काकांना बरोबर ठाऊक असे.

तहसीलदारसाहेबांची मोडीत निघालेली वेताची खुर्चीही तिथेच होती. बैठक फाटलेली. काकांनी तिच्यावर भोपळ्याचा वेल चढवला आणि श्रावणात एक दांडगा भोपळा तिच्यात मांडी घालून बसला. एकदा साहेब गुलाबाची कलमं पाहायला आले आणि त्यांनी खुर्ची ओळखली.

"ये कौन बैठे हैं?"

"हुजूर, आपके कायम-मुकाम," काका हात जोडून म्हणाले. साहेब रजेवर गेले की त्यांच्या जागी जो बसतो, त्याला कचेरीत तसं म्हणत. मला दरदरून घाम फुटला. साहेब मात्र भोपळ्याला सलाम ठोकून हसत हसत गेले.

या साऱ्या पसाऱ्यात काकूंचं मन फक्त तुळशीत होतं. बारा वर्षांपूर्वी छावणीतल्या एका बंगल्यातल्या सामानाच्या हर्रासात बोली लावून काकांनी चिनी मातीचं एक भांडं घेतलं होतं. पांढरं शुभ्र, गोल, भोवती निळ्या फुलांची नक्षी, बाजूला एकच कान. एरवी नाक मुरडणाऱ्या काकू त्याला पाहून म्हणाल्या होत्या, "हे मातर देवाचं वाटून राह्यलं." काकांनी त्याच्या बुडाला भोक पाडलं आणि तुळस लावली. रोज आंघोळ झाली की काकू पाणी घालत, हळदकुंकू वाहत, प्रदक्षिणा घालत. कार्तिकात गल्लीचं तुळशीचं लग्न त्याच भांड्यापुढे लागे.

काकांची एकुलती एक मुलगी लग्नाची झाली होती. गुणी पोर, पण दोन स्थळं अंगण पाहूनच परत गेली. 'बाप भंगार गोळा करतो' असं गल्लीतल्याच कोणीतरी त्यांच्या कानावर घातलं होतं. चैत्रात पिंपळगाव रेणुकाईचं तिसरं स्थळ आलं. घर शेतीवाडीचं, आणि मुलाच्या चुलत्यांचा तिथे शब्द चालायचा. ते सिकंदराबादेच्या गोऱ्यांच्या दवाखान्यात उभी हयात नोकरी करून आलेले.

काकू म्हणाल्या, "ह्या वक्ताला एकबी फुटकी चीज दिसता कामा न्हाई. पोरीपरीस भंगार मोठं हाय का तुम्हाला?"

पाहुणे यायच्या आदल्या दिवशी, शुक्रवारच्या सुट्टीत, काकांनी एकेक वस्तू भिंतीवरून माझ्याकडे द्यायला सुरुवात केली. कर्णा आला, सूर्यफुलं आली, दौती आल्या, खुर्ची तर मी स्वतः उचलून घेतली. माझी बायको म्हणाली, "आपल्याकडं न्हाई ना येणार कुणी बघायला?" त्या दिवशी काकांचा चेहरा मला पाहवत नव्हता.

टब जड होता. तो उचलायला काकांनी छावणीतल्या म्हाताऱ्या खानसाम्याला बोलावलं होतं. तो आला, तुळशीपाशी थबकला आणि डोळे बारीक करून पाहू लागला.

"बाबूसाब, ये यहाँ कैसे? ये तो साब के पलंग के नीचे रहता था."

"पलंग के नीचे?"

"रात को साब लोगां बाहर नहीं जाते ना," तो संकोचून म्हणाला.

काका टबाच्या काठावर बसले ते उठेचनात. चैत्राच्या उन्हात तुळस उपटली तर वाळणार, आणि दारातली वाळकी तुळस पाहून कोण मुलगी करून घेईल? नाही उपटली तर उद्या येणाऱ्या चुलत्यांनी तशी भांडी आयुष्यभर पाहिलेली. आणि काकूंना सांगायचं कोणी? शेवटी काकांनी स्वतःचं जरीकाठी उपरणं आणलं आणि भांड्याला नीट गुंडाळलं.

पाहुणे आले. मी शेजारी म्हणून हजर होतो. सगळं बरं चाललं होतं, तोच काकू पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आल्या. "अगं बाई, तुळशीला उपरणं कुणी गुंडाळलं?" म्हणत त्यांनी ते सर्रकन ओढलं.

चुलत्यांनी चष्मा लावला. वाकले. भांड्याच्या कानाला हात लावून पाहिला. काका त्यांच्याजवळ जाऊन हळूच म्हणाले, "मला ठाऊक नव्हतं हो. कालच कळलं. तुळस उपटवली न्हाई."

"तीस साल दवाखान्यात असली भांडी पाह्यली," चुलते तितक्याच हळू म्हणाले, "पण एकातबी काही उगवलेलं न्हाई पाह्यलं." त्यांनी चपला काढल्या आणि तुळशीला हात जोडले. मग अंगणभर नजर फिरवून मोठ्याने विचारलं, "बाकी अंगण लई उघडं हाय. तुळशीबिगर काही लावता का न्हाई?"

काकांची नजर आपसूक भिंतीकडे गेली. तिच्यावरून कर्ण्याचं तोंड दिसत होतं. चुलते खो खो हसले. "तुमचंच ना ते? मंग आणा की जल्दी!"

मी भिंतीपलीकडे धावलो. मी एकेक वस्तू द्यायचो आणि चुलते ती घेऊन काकांना द्यायचे. काका ती जागच्या जागी ठेवत होते आणि त्यांचे डोळे वाहत होते. खुर्ची आली तेव्हा दारामागे उभी असलेली मुलगी हसली. लग्न तिथेच ठरलं.

भांड्याचं पूर्वायुष्य काकांनी काकूंना त्याच संध्याकाळी सांगितलं. काकूंनी दोन दिवस अबोला धरला, तुळशीला पाणीही काकांनीच घातलं. तिसऱ्या दिवशी सकाळी मी भिंतीवरून पाहिलं, तर काकू ओल्या केसांनी प्रदक्षिणा घालत होत्या. मला पाहून म्हणाल्या, "बारा वर्षं पाणी घालून राह्यले मी. झाली असंल की आता त्याची बदली."

निजामाचं राज्य गेलं त्याच्या आदल्या उन्हाळ्यात काका गेले. वर्षश्राद्धानंतर काकू लेकीकडे राहायला गेल्या. लेक बैलगाडी घेऊन आली होती. गाडीत भांड्याभोवती कडबा लावून तिने तुळस पिंपळगावला नेली. खुर्ची मला दिली.

परवा आमच्याकडे चहाची किटली पडली. तोटी तुटली. बायको तुकडे गोळा करायला वाकली आणि आम्ही दोघांनीही एकदमच भिंतीकडे पाहिलं. मग मी उठलो, किटलीत माती भरली आणि हात लांब करून ती भिंतीवर, काकांच्या बाजूला तोंड करून ठेवली.