डावी नळी का तापली

पुढे जे लिहीत आहे ते आजवर कुणाच्याही कानी घातलेलं नाही. पत्नीच्या नाही, ताईच्या तर नाहीच. तुम्ही समोर बसला आहात असं समजून सांगतो. सवय शिकवण्याची आहे, तेव्हा सांगणं पायरीपायरीने होईल — आणि मूळ मुद्द्यापाशी येताना मी अडखळेन, तेही आधीच सांगून ठेवतो.

साताऱ्यातल्या एका तंत्रशिक्षण संस्थेत मी इंजिनाचा विषय शिकवतो. माझी एक पद्धत आहे, आणि तिचा मला अभिमान होता. मी उत्तर देत नाही. प्रश्न विचारतो, मग आणखी एक, आणि विद्यार्थी आपल्या पायांनी उत्तरापर्यंत चालत येतो. स्वतः शोधलेल्या उत्तरावर माणूस पुन्हा शंका घेत नाही, असं मी नेहमी म्हणत आलो. ते खरंच आहे. किती खरं, ते पुढे येईल.

माझी थोरली बहीण उंब्रजला दिलेली. तिच्या यजमानांकडे — दाजींकडे — त्यांच्या वडिलांची जुनी मोटारसायकल आहे. दोन सिलिंडरची, प्रत्येक सिलिंडरला पेट्रोलमध्ये हवा मिसळणारा स्वतंत्र कार्ब्युरेटर आणि धूर बाहेर सोडणारी स्वतंत्र नळी. अशी गाडी आता विद्यार्थ्यांच्या पाहण्यात येत नाही, म्हणून एकदा मी ती वर्गासाठी मागून घेतली. त्याच्या थोडं आधी दस्तगीर मिस्त्रीने तिचे दोन्ही कार्ब्युरेटर खोलून साफ केले आणि एकमेकांशी जुळवले होते. दस्तगीर दाजींचा शाळेपासूनचा सोबती. हायवेलगत त्याचं गॅरेज. हात चांगला, पण बढाई त्याहून मोठी. "माझा हात लागलेली गाडी रस्त्यात थांबली, तर मिशी उतरवीन," असं तो गिऱ्हाइकांना ऐकवी. त्यावर दाजींचं ठरलेलं, "आधी धड उगवू दे रं गड्या, मग उतरव!"

आता वर्गातला तो दिवस. दोन्ही कार्ब्युरेटर सारखंच काम करतात का, हे पाहण्याची एक रीत आहे. कार्ब्युरेटर आणि सिलिंडर यांना जोडणाऱ्या गळ्यावर एक बारीक तोंड असतं. एरवी ते रबरी टोपीने बंद असतं. तपासणीपुरती टोपी काढायची, तिथे दाबमापक जोडायचा, दोन्ही बाजूंचे आकडे ताडून पाहायचे, आणि काम झालं की टोपी पुन्हा बसवायची. काढलेली वस्तू ताटलीत ठेवावी, खिशात कधीही नाही — हा आमच्या कार्यशाळेचा पहिला नियम. भिंतीवर तो माझ्याच अक्षरात आहे.

त्या दिवशी आकडे फळ्यावर लिहिण्यासाठी मी वळलो. एका हातात खडू होता. दुसऱ्या हातात — पण थांबा. ते त्याच्या जागी येऊ द्या.

पुढच्याच आठवड्यात दाजी आणि ताई त्या गाडीवरून वाईहून पाचगणीला निघाले. पसरणीच्या घाटात, चढावर, डावा पिस्टन तापून सिलिंडरला चिकटला. मागचं चाक जागीच अडकलं, गाडी आडवी झाली. दाजींना खरचटलं. ताईचं उजवं मनगट मोडलं. पुढे ते जुळलं, पण नीट नाही. भाकरी थापताना ती अजून मध्येच थांबते, हात झटकते आणि मग पुन्हा थापू लागते. तिच्याकडे जेवायला बसलो की तो आवाज जिथे थांबतो तिथे माझाही घास थांबतो. तिला वाटतं, भावाला आपली काळजी.

दाजींनी गाडी टेंपोत घालून माझ्याकडे आणली. इंजिन गार झाल्यावर पिस्टन सुटला होता. मी ते सुरू केलं आणि जसं शिकवतो तसंच केलं. अशा वेळी अंदाज बांधू नये. आधी दोन्ही नळ्यांवर सिलिंडरजवळ पाण्याचे थेंब शिंपडावेत. उजवीवर थेंब चुरचुरत वाळला. डावीवर टेकण्याआधीच उडाला. मग स्पार्क प्लग काढून पाहावेत. उजवा फिक्या चहाच्या रंगाचा, म्हणजे ठीक. डावा पांढराफटक, म्हणजे त्या सिलिंडरमध्ये पेट्रोलच्या मानाने हवा जास्त, आणि म्हणूनच तो जास्त तापतो. ती कुठून शिरते? बोटाने चाचपत गेलो, आणि बोट त्या बारीक तोंडाशी थांबलं. तोंड उघडं होतं.

हात पुसायला रुमाल हवा होता, म्हणून मी कामाच्या निळ्या कोटाच्या खिशात हात घातला. खडूच्या चुऱ्यात काहीतरी मऊ लागलं.

ती टोपी होती.

दाजी दाराशी उभे राहून ताईशी फोनवर बोलत होते. "लय दुखतंय का गं? गोळी घेतलीस न्हवं?" मला त्यांचा प्रत्येक शब्द ऐकू येत होता. त्यांना हाक मारून खिशातली वस्तू दाखवायला किती वेळ लागला असता? त्याऐवजी मी त्यांच्याकडे पाठ केली आणि टोपी जागेवर दाबली. प्लग बसवले, नळ्या निवल्यावर इंजिन सुरू केलं आणि पुन्हा थेंब शिंपडले. दोन्ही नळ्या सारख्या बोलू लागल्या.

"काय निघालं, मास्तर?" दाजींनी विचारलं.

"इथली टोपी नव्हती. आता बसवली आहे," मी म्हणालो. दोन्ही वाक्यं खरी होती. मग मी माझी पद्धत वापरली. विचारलं, "दाजी, हे कार्ब्युरेटर शेवटचे कुणी खोलले होते?"

पाहा, प्रश्न किती बिनचूक होता. मी कार्ब्युरेटर खोलले नव्हतेच — मी फक्त एक टोपी काढली होती. दाजी आपल्या पायांनी उत्तरापर्यंत चालत गेले. "दस्त्यानं. तुझ्या बहिणीचा हात मोडला रं त्यानं." मी मान हलवली नाही. होय म्हटलं नाही. चांगला शिक्षक तिथे बोलत नाही.

एवढ्यावर हे थांबलं असतं, तर याला भित्रेपणा म्हणता आलं असतं. पण काही दिवसांनी दस्तगीर स्वतः एसटीने साताऱ्याला आला. कार्यशाळेच्या दाराशी चपला काढून उभा राहिला. तिथे चपला कुणीच काढत नाही. म्हणाला, "सर, तुमचा दाजी माझ्याशी बोलंना झालाय. मी टोपी बसवली व्हती. मला चांगलं याद हाय. तुमी त्याला जरा सांगा."

सगळं माझ्या एका वाक्यावर आलं होतं. आणि मी काय केलं? मी त्याला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि शांतपणे विचारलं, "मिस्त्री, रोज कितीतरी गाड्या तुमच्या हाताखालून जातात. याच गाडीची, डाव्याच बाजूची टोपी बसवल्याचं तुम्ही शपथेवर सांगाल?"

तो माझ्याकडे बघत राहिला. नंतर स्वतःच्या हातांकडे. "आता तुमी असं इचारल्यावर..." तो म्हणाला. "न्हाई सर. शपथ कशी घिऊ? ऱ्हायली असंल. माझ्याच हातनं ऱ्हायली असंल." उठताना त्याने मला हात जोडले. "बरं झालं तुमी बघितलं. न्हाईतर पुढच्या खेपेला दोघंबी गेली असती."

मी त्यालाही उत्तरापर्यंत पोचवलं होतं. त्याची खरी आठवण मी त्याच्याकडूनच खोटी ठरवून घेतली.

त्यानंतर दाजी त्याच्या गॅरेजची पायरी चढले नाहीत. त्याच्या थोरल्या मुलीचा निकाह उंब्रजमध्येच झाला, त्यालाही गेले नाहीत. "माणूस तसा वाईट न्हाई," दाजी अधूनमधून म्हणतात, "पर हिच्या हाताकडं बघितलं की पाय उचलत न्हाई." असं म्हणताना ते माझ्याकडे बघतात, मी दुजोरा द्यावा म्हणून. मी ताटाकडे बघतो.

दस्तगीर अजून काम करतो. जुन्या दोन सिलिंडरच्या गाड्या मात्र घेत नाही. "दुसरीकडं न्या" म्हणतो. मागे एकदा माझ्या स्कूटरचं चाक त्याने बसवलं. प्रत्येक नट आवळल्यावर तो मला जवळ बोलवायचा. "सर, बघा. आवळलाय न्हवं? तुमच्या डोळ्यानं बघा." शेजारचा टपरीवाला हसून म्हणाला, "सगळ्यांनाच असं दाखवत बसतंय. मिस्त्री, मिशीचं काय झालं वो?" दस्तगीर हसला नाही. पुढच्या नटाकडे वळला, तो आवळला, आणि पुन्हा माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, "आवळलाय." त्याचं माझ्या शब्दावर समाधान झालं.

हे छापून आलं की उंब्रजला पोचेल. दाजी वाचतील. ताईही वाचेल. दस्तगीरला कुणीतरी वाचून दाखवेल. त्यानंतर त्यांनी काय करावं, हा प्रश्न मी कुणाला विचारणार नाही. माझे प्रश्न विचारून झाले आहेत. उत्तर तेवढं मी कधी दिलेलं नाही, ते देतो.

दस्तगीरने टोपी बसवली होती. त्याची आठवण बरोबर होती. मी ती टोपी काढली आणि खिशात ठेवली. ताईचं मनगट माझ्या विसरण्याने मोडलं. त्यापुढचं जे झालं, त्यातलं काहीही मी विसरलो नव्हतो.