मशीनचं झाकण

अमळनेरहून धुळ्याकडे निघालं की गाव संपता संपता तरुणशेठचं लग्नाचं लॉन्स लागतं. दोन मोठ्या हिरवळी आणि मध्ये भिंत. पुढच्या हिरवळीवर लग्न लागतं, मागच्या हिरवळीवर जेवणं होतात. भिंतीत एक लोखंडी फाटक आहे, तिथून वऱ्हाडी पुढून मागे जातात. या दोन्ही हिरवळींचा माळी जीवराम. तो आणि त्याची बायको सुंदरबाई तिथल्याच मागच्या खोलीत राहायचे. एकुलती मुलगी लग्न होऊन सुरतेला गेली, तेव्हापासून खोलीत दोघंच.

आधी जीवराम ढकलायच्या मशीननं गवत कापायचा. पावसाळ्यात गवत इतकं वाढायचं की एक टोक कापून होईतो दुसरं पुन्हा वर आलेलं असायचं. रात्री जेवता जेवता त्याचा डोळा लागायचा. सुंदरबाई शेठला दोनदा बोलली होती. शेवटी एका दिवाळीनंतर तरुणशेठच म्हणाला, "जीवराम, बसून चालवायचं मशीन घेऊ. जळगावला चल माझ्याबरोबर. तुला चालवायचंय, तूच पसंत कर."

आजवर जीवरामला कुणी काही पसंत करायला सांगितलं नव्हतं. त्यानं धुतलेला शर्ट घातला, टोपी घातली आणि शेठच्या गाडीत पुढच्या सीटवर बसून जळगावला गेला.

दुकानात दोन मशीनं होती. एक लहान, आटोपशीर. कापलेलं गवत मागच्या पिशवीत गोळा करणारं. दुसरं चांगलं रुंद, लाल रंगाचं, पुढे दिवे असलेलं. ते गवत उजव्या बाजूनं बाहेर फेकायचं, आणि त्या तोंडावर स्प्रिंगवर बसवलेलं जाड काळं झाकण होतं, म्हणजे जे काही उडेल ते खाली जमिनीकडे वळेल. दुकानातला हितेंद्र नावाचा विक्रेता समजूतदार होता. "भाऊ, लग्नाची जागा असेल तर मी लहानच घ्या म्हणेन," तो म्हणाला. "माणसांची ये-जा असते. गवत पिशवीत गेलेलं बरं. शिवाय मध्ये फाटक-बिटक आहे का? हे मोठं झाकणासकट बरंच रुंद भरतं."

"फाटक मोठं आहे," जीवराम म्हणाला. त्यानं ते कधी मोजलं नव्हतं.

तोवर तो मोठ्या मशीनवर चढून बसलाही होता. त्याच्या घरात कधी ट्रॅक्टर नव्हता. लहानपणापासून तो लोकांच्या ट्रॅक्टरच्या मडगार्डवर बसून शेतात गेला. स्टिअरिंगला हात लावू दिला नाही कुणी. आता स्टिअरिंग हातात होतं, आणि शेठ समोर उभा राहून विचारत होता, "काय म्हणतोस?"

"घ्यायचं तर हेच घ्या शेठ. निम्म्या वेळात काम होईल."

तरुणशेठचंही मन मोठ्यावरच होतं. धुळ्यातल्या दुसऱ्या लॉन्सवाल्याकडे लहान होतं. हितेंद्रनं खांदे उडवले आणि मोठं मशीन टेम्पोत चढवायला माणसं बोलावली.

संध्याकाळी सुंदरबाईनं मशीनला हळद-कुंकू लावलं, नारळ फोडला. मग मागे सरून तिनं एकदा मशीनकडे पाहिलं, एकदा भिंतीतल्या फाटकाकडे.

"दार मोजं का तुम्हीन?"

"मोजानी काय गरज शे? तठून बैलगाडी जाई."

दुसऱ्या दिवशी मशीन फाटकात अडकलं. थोडक्यासाठी अडकलं, पण अडकलंच. ते झाकण खांबाला घासत होतं. शेठ म्हणाला, "सीझन तोंडावर आलाय, आता भिंत कुठे तोडत बसू? झाकण वर उचलून ने." ते जमलं. जीवराम फाटकापाशी उतरायचा, झाकण वर करायचा, एका हातानं धरून मशीन पलीकडे न्यायचा, मग सोडायचा. काही आठवडे त्यानं हे नेमानं केलं. मग तो झाकण तारेनं वर बांधून ठेवू लागला, पलीकडे गेल्यावर सोडायचं म्हणून. मग सोडायचं राहू लागलं. पावसाळ्यात ओलं गवत त्या झाकणात गच्च बसायचं आणि मशीन बंद पडायचं, तेव्हा त्यानं ते सरळ खोलून गोदामात पत्र्यामागे ठेवून दिलं. मशीन छान चालू लागलं. कुणी काही म्हटलं नाही. तरुणशेठनं पाहिलं होतं, पण त्याला हिरवळ कापलेली दिसत होती, तेवढं पुरे होतं.

एरवी मशीनची निगा राखण्यात जीवराम कमी पडला नाही. काम झालं की तो मशीनखाली चिकटलेलं गवत लाकडाच्या पट्टीनं खरवडायचा, कारण ते तसंच राहिलं तर पत्रा सडतो. पाती बोथट झाली की गवताची टोकं फाटून पिवळी पडतात, म्हणून ती खोलून तो गावात धार लावून आणायचा. उन्हाळ्यात धूळ इतकी की हवेची जाळी सारखी झटकावी लागायची. चाकांतली हवा तो बघायचा, एका चाकात कमी झाली की हिरवळ तिरकी कापली जाते. ऑइल बदलायचा. उंदीर वायरी कुरतडू नयेत म्हणून गोदामात पिंजरा लावायचा. मशीनला जे जे हवं होतं, ते सगळं त्यानं केलं. त्या झाकणाचं मशीनला काही काम नव्हतं. ते माणसांसाठी होतं.

आणि माणसं हिरवळीवर असायचीच. लग्न उरकलं की मांडववाले दोर सोडून निघून जायचे, त्यांचे खिळे गवतात राहायचे. बांधायची तार, बाटल्यांची बुचं, चमचे. कापणीच्या आधी सुंदरबाई आणि तिच्यासोबत काम करणारी बेबाबाई, दोघी वाकून ते वेचायच्या. सुंदरबाईनं जुन्या स्पीकरमधलं लोहचुंबक दोरीला बांधलं होतं. ते गवतावरून ओढत न्यायची; बादली भरायची. हिरवळ वेचून झाली की दोघी भिंतीपलीकडे जायच्या आणि मग जीवराम मशीन सुरू करायचा.

त्या वर्षी लग्नाच्या तिथी एकाला एक लागून आल्या. एका सकाळी आदल्या दिवशीचा मांडव निघायलाच उशीर झाला आणि दुपारी दुसरं वऱ्हाड येणार होतं. शेठ फाटकात उभा राहून ओरडला, "जीवराम, वेचून होईपर्यंत थांबू नको. त्या पुढे वेचतील, तू मागून कापत ये."

जीवरामनं सुंदरबाईकडे पाहिलं. ती म्हणाली, "या तुम्ही. आम्ही उरकतस."

दोन पट्टे नीट गेले. तिसऱ्या पट्ट्याला पात्याखाली टण्णकन आवाज झाला. जीवरामला वाटलं, पात्याला दात पडला. त्यानं मशीन बंद केलं, खाली उतरला आणि वाकून आधी पातं पाहिलं. बेबाबाईची किंकाळी ऐकून त्यानं मान वर केली. उजव्या बाजूला सुंदरबाई गवतात बसली होती, दोन्ही हात तोंडावर. बोटांच्या फटीतून रक्त मनगटावर येत होतं.

शेठनं स्वतः गाडी काढली. धुळ्याला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्यायचं ठरलं. मागच्या सीटवर सुंदरबाईचं डोकं बेबाबाईच्या मांडीवर होतं, जीवराम पुढे. निम्म्या रस्त्यात शेठ समोर बघतच म्हणाला, "जीवराम, डॉक्टर विचारतील. घरी लाकडं फोडताना ढलपी उडाली म्हणून सांग."

"पण शेठ..."

"मशीनचं नाव निघालं की पोलीस येतील. पहिला प्रश्न झाकणाचा. ते कुणी काढलं?"

काढलं तर जीवरामनंच होतं.

"खर्चाचं बघू नको, ते माझ्याकडे. नोकरीही राहील. तोंड फक्त सांभाळ."

डॉक्टरांनी विचारलं तेव्हा जीवराम म्हणाला, "लाकडं फोडताना." डॉक्टरांनी त्याच्याकडे पाहिलं, मग वाकून सुंदरबाईला विचारलं, "बाई, असंच झालं का?"

तिचा अर्धा चेहरा कापडानं झाकला होता. तिनं उघड्या डोळ्यानं नवऱ्याला शोधलं. तो खाली बघत होता.

"ते सांगतात तसंच," ती म्हणाली.

उजवा डोळा वाचला नाही. काढावा लागला.

महिन्याभरानं ती खोलीवर परतली. शेठनं दोन्ही बायांसाठी प्लास्टिकचे चष्मे आणले होते. जीवरामनं झाकण पुन्हा बसवलं, आणि शेठनं मिस्त्री बोलावून फाटक रुंद करून घेतलं. एका दिवसाचं काम निघालं ते. सुंदरबाई दारात बसून भिंतीच्या पडणाऱ्या विटा बघत राहिली. भाकरी टाकायची, त्याला वाढायची. तो काही विचारेल तेवढ्याचं उत्तर द्यायची.

हे जीवरामला सोसेना. तपासणीला धुळ्याला गेले तेव्हा तिला बाहेर बाकावर बसवून तो आत गेला आणि म्हणाला, "साहेब, लाकडं नव्हती. मशीननं खिळा उडवला. झाकण मी काढलं होतं."

"मला तेव्हाच शंका आली होती," डॉक्टर म्हणाले. "पण तुम्ही दोघंही तेच सांगत होतात. आता तक्रार करायची असेल तर तुम्हालाच पोलिसांत जावं लागेल. जाणार?"

जीवराम तसाच बाहेर आला. दार अर्धं उघडं होतं. तिनं सगळं ऐकलं होतं.

"सांगी टाकं मी," तो म्हणाला.

"तवय सांगाले पाहिजे व्हतं," ती म्हणाली. "डोया गया, त्यानं काई नही. चूक व्हयी जास. पन मना तोंडवर खोटं बोलनात तुम्हीन, आन् तेच मालेबी बोलाले लायं."

त्या उन्हाळ्यात सुंदरबाईचा भाऊ भाईदास तिला न्यायला आला. साक्रीच्या पुढे डोंगराकडे त्याचं थोडं रान आहे. चार दिवसांसाठी म्हणून गेलेली ती परत आली नाही. तिथं ती निंदणी करते, आठवडी बाजारात भाजी घेऊन बसते. जीवराम पोलिसांत गेला नाही. लॉन्सवरच आहे. दुसरं काय करणार, आणि कुठे जाणार?

वऱ्हाड नसेल त्या दिवशी तो एसटीनं साक्रीला जातो, पुढे मिळेल त्या गाडीनं. सुंदरबाई चहा करते, प्रकृती विचारते, मुलीचा फोन आला होता का ते विचारते. मात्र ओट्यावर बसताना ती त्याला उजव्या अंगाला घेते. तिकडचं तिला दिसत नाही. सुरुवातीला त्याला वाटलं, सहज बसली असेल. एकदा तो उठून डावीकडे जाऊन बसला. तिनं बशी उचलली आणि जागा बदलली.

मागच्या खेपेला त्यानं विचारलं, "घर चालस का?"

"नही," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. "तुमनी गाडी जाई. निघा आते."