वहिनींच्या विहिरी

आमच्या मोठ्या जाऊबाईंनी आजवर कोणाच्याही घरचं पाणी नुसत्या विश्वासावर प्यायलेलं नाही. आम्ही सगळे त्यांना वहिनी म्हणतो, मीसुद्धा. लग्नाआधी नागपूरला त्या एका प्रयोगशाळेत पाणी तपासायच्या, कॅनडात आल्यावरही त्यांनी जन्मभर तेच केलं, आणि रिटायर झाल्यावर तर कोणी सांगितलेलं नसताना करायला लागल्या. व्हँकुव्हरच्या पावसाला कंटाळून त्या नि आमचे मोठे दीर ओकानागन खोऱ्याच्या दक्षिण टोकाला राहायला गेले. कॅनडात वाळवंट आहे हे मला तोवर ठाऊक नव्हतं. तिथे खरोखरच निवडुंग उगवतो, दगडांखाली रॅटलस्नेक असतात, आणि उन्हाळ्यात दुपारी रस्त्यावर कुत्रंसुद्धा फिरकत नाही. वहिनी मात्र पहिल्याच दिवशी खूश. नागपूरसारखं ऊन आहे, असं त्यांनी फोनवर सांगितलं, आणि लगेच पुढे, गावाबाहेरची माणसं पाणी कुठलं पितात याची चौकशी करते आहे, असंही.

चौकशीत निघालं ते असं, की गावात नळ आहे, पण उतारावरच्या चेरीच्या नि द्राक्षांच्या मळ्यांत ज्याची त्याची बोअर. त्या पाण्याची जबाबदारी मालकाची. मालक घर घेताना एकदा तपासणी करतो आणि मग विसरतो. वहिनींनी पदर खोचला. खरं तर त्या पँट नि मोठी टोपी घालतात, पण पदर खोचल्यासारखाच चेहरा करतात. पाण्याचे नमुने गार ठेवायला बर्फाची पेटी गाडीत टाकून त्या दारोदार जायला लागल्या. ओळखपाळख, तब्येत, मुलंबाळं हे सगळं नंतर, आधी "तुमची बोअर किती खोल?" प्रत्येक ग्लास त्या पिण्याआधी हुंगतात. हुंगून काही कळत नाही हे त्याच सांगतात, कारण आर्सेनिकला वास नसतो आणि खतातून झिरपणाऱ्या नायट्रेटला चव नसते, सगळ्यात वाईट पाणी कधी कधी सगळ्यात गोड लागतं. मग हुंगता कशाला, असं मी एकदा विचारलं. सवय, म्हणाल्या.

त्यांच्या फ्रिजमध्ये श्रीखंडाशेजारी नमुन्यांच्या बाटल्या असतात. एकदा लांबचा ड्राइव्ह करून आलेल्या माझ्या नवऱ्याने त्यातली एक घटाघटा पिऊन टाकली. वहिनींनी त्यांच्या तब्येतीची चौकशी केली नाही. "भावजी, तुम्ही कोणती बाटली प्याले, ते लेबल पाहून सांगा," एवढंच म्हणाल्या, आणि नमुना पुन्हा घ्यायला त्यांना तसंच गाडीत घालून त्या बाटलीच्या मळ्यावर नेलं. मलाही त्यांनी सुटीवर आलेली पाहुणी कधी मानलं नाही. नमुने मलाच भरायला लावायच्या: नळाच्या तोंडाची जाळी काढायची, पाच मिनिटं पाणी वाहू द्यायचं, झाकणाच्या आतल्या बाजूला बोट लावायचं नाही. बोट लागलं की, "काय करून राहिली तू?" आणि ती बाटली बाद. एका दुपारी माझ्या चार बाटल्या बाद झाल्या होत्या.

त्यांच्यापासून थोड्या अंतरावर एका सरदारजींचा चेरीचा मळा आहे. त्यांच्या सुनेला मुलगी झाली आणि बाळ वरच्या दुधावर आहे, पावडर बोअरच्या पाण्यात कालवतात, हे वहिनींना ग्रोसरीच्या दुकानात कळलं. त्या किराणा तिथेच ठेवून मळ्यावर गेल्या. सरदारजींनी नमुना द्यायला साफ नकार दिला. रिपोर्ट वाईट आला तर गावभर बोभाटा होईल, चेरी कोण घेईल, ही त्यांची भीती. वर, पाणी उकळून देतो, असंही म्हणाले. वहिनींनी समजावलं की उकळून जंतू मरतात, नायट्रेट मरत नाही, उलट पाणी आटून ते जास्तच होतं. सरदारजी हात जोडून म्हणाले, "बहनजी, तीस साल से यही पानी पी रहे हैं. हमें तो कुछ नहीं हुआ."

"आपको नहीं होगा, भाईसाब," वहिनी म्हणाल्या. "मुन्नी को होगा."

फाटक बंद झालं. दुसऱ्या दिवशी वहिनी घडीची खुर्ची, छत्री आणि बर्फाची पेटी घेऊन फाटकाबाहेर बसल्या. तिसऱ्या दिवशीही. दिरांनी फोन करून घरी बोलावलं तर, माझं काम चालू आहे, म्हणाल्या. चौथ्या दुपारी सूनच लोणच्याची रिकामी बरणी पाण्याने भरून फाटकाशी आली. दुसऱ्या कोणी ती प्रसादासारखी घेतली असती. वहिनी म्हणाल्या, बरणी चालणार नाही. त्यांनी आपली बाटली फाटकावरून दिली, जाळी, पाच मिनिटं, झाकण, सगळं नीट शिकवलं, आणि ती भरून आल्यावर तशाच दोन तासांवरच्या लॅबकडे निघाल्या.

नायट्रेट मर्यादेच्या बरंच वर निघालं. वहिनींनी सुनेला फोन केला, आणि त्याच दिवशी बाळाला डॉक्टरकडे नेलं. नायट्रेटमुळे रक्तात प्राणवायू कमी पडून ओठांवर किंचित निळी झाक आली होती, पण वेळेत आणलंत, असं डॉक्टर म्हणाले. स्वयंपाकघरात फिल्टर बसेपर्यंत वहिनी दिवसाआड गावातून पाण्याचे कॅन नेऊन फाटकाशी ठेवत होत्या. सरदारजी त्यांच्यासमोर आले नाहीत. पुढच्या हंगामात मात्र त्यांनी गुरुद्वाऱ्यात सगळ्यांसमोर उभं राहून आपल्या बोअरची गोष्ट स्वतःच्या तोंडाने सांगितली, आणि बहनजी आल्या तर फाटक उघडा, असं बजावलं. मग उतारावरची सगळीच फाटकं उघडली. त्या रिपोर्टबद्दल वहिनी आजही एवढंच म्हणतात, की नमुना चांगला घेतला होता पोरीने.

आता दीर नाहीत, आणि वहिनींचे गुडघेही राहिले नाहीत. गेल्या सप्टेंबरात मी गेले तेव्हा आम्ही दोघी फेरीवर निघालो. शेवटची बोअर चढावर होती. वहिनींनी गाडीचं दार उघडलं, एक पाय बाहेर ठेवला, थोडा वेळ तशाच बसल्या आणि पाय आत घेतला. "तू जा," म्हणाल्या.

मी वर गेले. जाळी काढली, घड्याळ लावून पाच मिनिटं पाणी सोडलं. खाली गाडीच्या खिडकीतून त्यांची टोपी दिसत होती. बाटली भरताना झाकण माझ्या हातातून निसटलं आणि बोट आत लागलं. मी ती बाटली बाजूला ठेवून दुसरी भरली. खाली येऊन दोन्ही त्यांना दिल्या आणि काय झालं ते सांगितलं. वहिनींनी चांगली बाटली बर्फात ठेवली, लेबल लिहिलं, आणि काचेतून चढाकडे बघत राहिल्या. त्या मला नेहमीसारख्या रागावल्या असत्या तर किती बरं वाटलं असतं.