सास्तूरची हलकी भिंत

जिप्सम बोर्डाच्या भिंती बसवायचं माझं काम. असाच सास्तूरला एका घरी गेलो होतो. त्र्याण्णवच्या भूकंपानंतर मिळालेलं घर, पुढं वाढवलेलं. मोठ्या खोलीत सुनेच्या दोन शिलाई मशिनी आणि तिथंच सासूची खाट. आईला दुपारी निवांत पडता यावं म्हणून मुलगा मधे भिंत घालून घेत होता. मशिनीचा आवाज पलीकडं जाऊ नये म्हणून आत कापसासारखं ग्लासवूल भरायलाही त्यानं सांगितलं होतं.

खाली-वर पत्र्याचे चॅनल ठोकून मी मधे उभ्या पट्ट्या लावल्या. मावशी खाटेवर बसून बघत होत्या. पहिला बोर्ड उचलला, तशा म्हणाल्या, "मिस्त्री, भिंत नगं."

मला वाटलं, दगडाच्या भिंतीची भीती बसली असणार. मी बोर्डाचा तुकडा त्यांच्या हातात दिला. "ही दगडामातीची न्हाय, मावशी. बघा किती हलकी हाय."

त्यांनी तो तोलून बघितला. "व्हय, हलकी हाय. पर आत त्यो कापूस भरणार न्हवं?"

"आवाज येऊ नये म्हणून."

"त्येच नगं." त्यांनी तुकडा खाटेवर ठेवला. "भूकंपात म्या भिंतीखाली हुते. पहाटेपास्नं, ऊन वर आलं तरी. वरली माणसं बोलल्याली मला ऐकू येत हुती. म्या हाका मारत हुते, पर माझा आवाज कुणाला जात नव्हता."

सुनेची मशीन थांबली. मुलगा दारात उभा होता. म्हणाला, "आई, तू हे कधी बोलली न्हाईस."

"इचारलं कुणी?"

एवढ्या वर्षांत भिंतीतून आवाज येतो म्हणून कितीतरी जणांनी मला बोल लावले होते. तो यावा म्हणणारं माणूस पहिल्यांदाच भेटलं. काय करायचं म्हणून मी मुलाकडं बघितलं. त्यानं ग्लासवूलचं बंडल उचलून मोटारसायकलला बांधलं आणि दुकानात परत द्यायला घेऊन गेला.

दुपारपर्यंत दोन्ही बाजूंचे बोर्ड स्क्रूनं आवळून झाले. मावशींची खाट आत नेली. त्या बसल्या, पण चेहरा ताठच. तेवढ्यात पलीकडून सून सासूला हळू आवाजात म्हणाली, "आत्या, चहा टाकू का?"

"टाक की," मावशी पटकन म्हणाल्या. "मिस्त्रीलाबी टाक."

मग त्या भिंतीला पाठ टेकून बसल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी सांध्यांत भरलेली, आता वाळलेली पुट्टी घासायला गेलो. सुनेची मशीन खडखडत होती आणि आत मावशी गाढ झोपल्या होत्या. सुनेनं मशीनवरूनच मला दारात थांबवलं. "दादा, जरा दम धरा. उठू द्या त्यास्नी."

मी पायरीवर बसून राहिलो.