रशीदभाई आणि उभी व्हॅक्युम मशीनं

रिपेअरिंगच्या दुकानातून सामान परत जातं, पण त्याच्याबरोबर आलेला किस्सा तिथंच राहतो. भिंगारच्या रशीदभाईंकडे तर आता किश्शांनाच बसायला जागा नाही! नागापूरच्या कारखान्यात मोटार वाइंडिंग करून मी रिटायर झालो आणि त्यांच्याकडे मदतीला बसू लागलो. त्यांची खासियत म्हणजे हँडलला कापडी पिशवी लटकणारे जुने, उभे व्हॅक्युम क्लीनर. लष्करी छावणीतले साहेब लोक बदली होऊन गेले, मशीनं भिंगारात राहिली. बनवणारी कंपनी कधीच बंद पडली.

*

पहिलं मॉडेल अख्खं लोखंडी. पाथर्डीकडचे एक शेतकरी ते जीपमधून घेऊन आले. लावून पाहिलं, तर उत्तम चालू!

"मग बिघडलंय काय?"

"बिघडलं न्हाई. पिशवी काढून द्या. बाजरी उपणायची हाय, अन् चार दिस झालं, वारंच न्हाई!"

रशीदभाईंनी पिशवी काढून बटण दाबलं. मागून असा झोत आला, की माझी टोपी रस्त्यावर! शेतकरी खूश झाले. "लई झालं! एवढं वारं आमच्या शिवारात बी न्हाई."

*

दुसऱ्या मॉडेलला पुढे दिवा आला. एक रिटायर्ड शिक्षिका तक्रार घेऊन आल्या, "दिवा लागत नाही." आम्ही लावला, तर लख्ख!

"इथं लागतो हो! घरी लाइट गेली की लागत नाही. मग दिलाय कशाला?"

रशीदभाई शांतपणे म्हणाले, "मॅडम, कंपनी का बंद पडली ते आज कळलं!"

*

शेवटचं मॉडेल प्लॅस्टिकचं. रशीदभाईंचा त्याच्यावर भारी राग. एक गिऱ्हाईक म्हणालं, "हे धूळच ओढत नाही."

"ओढतंय की! पण धूळ पडली जड, अन् मशीन हलकं. मशीनच धुळीकडं जातंय!"

*

आमच्या जुन्या गिऱ्हाईक सुमनकाकू, त्यांचं मशीन दिव्याचं. बेअरिंग गेलेलं, त्यामुळे नुसता खडखडाट. रशीदभाईंनी नवं बेअरिंग बसवलं आणि दुकानाच्या रिवाजाप्रमाणे जुनं पुडीत बांधून दिलं. "आता चालू हाय का बंद, कळायचं न्हाई!"

चार दिवसांनी काकू रिक्षातून हजर. मशीन आणि पुडी, दोन्ही घेऊन.

"परत आवाज येतोय?"

"न्हाई ना! आमच्या ह्यांना अर्धांगवायू झाला, तवापासून बोलणं बंद. सुभेदार हुते, आता नुसतं बघत बसत्यात. फकस्त हे मशीन लावलं की वरडायचे, 'बंद कर ते!' दिवसातनं तेवढंच. आता चार दिस झालं, तेबी न्हाई." काकूंनी पुडी सोडली. "हे परत बसवा, भाऊ."

खराब बेअरिंग बसवायचं रशीदभाईंच्या जिवावर आलं. "काकू, मोटार जळंल."

"जळू द्या," मी म्हणालो. "वाइंडिंग मी करून देईन."

मशीन पोचवायला आम्ही दोघंही गेलो. सुभेदार काका खिडकीशी खुर्चीत बसले होते. काकूंनी बटण दाबलं. खडखडाट सुरू झाला. काका हलले नाहीत. रशीदभाई खाली मान घालून उभे राहिले. मला वाटलं, संपलं सगळं.

"बंद कर ते!"

काकूंनी मशीन बंद केलं नाही.